आवाज करणारे टायर

आमच्या घरात ओरडल्याशिवाय कुठलीच गोष्ट होत नव्हती. जेवायला चला, गोळी घेतली का, दारात कुणी आलंय, नळ चालूच राहिलाय, सगळं ओरडून. भिलाईच्या हुडको वसाहतीतली घरं एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे बाबांचं पोट साफ झालं की नाही हे शेजारच्या काकूंना माझ्याइतकंच ठाऊक असायचं. मी शाळेत शिकवते, घसा तिथेच बसलेला असतो. घरी येऊन पुन्हा तोच घसा ताणायचा म्हणजे जिवावर यायचं, आणि मुळात मी चिडकी. कितीदा तरी मी पुढचं वाक्य गिळून टाकायची. जाऊ दे, काही महत्त्वाचं नव्हतं, असं स्वतःलाच सांगायची. असं करता करता महत्त्वाचं बोलणंही राहून जायला लागलं.

बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला होते. विदर्भातून आलेल्या कितीतरी घरांसारखं आमचं घरही त्या नोकरीमागे इथं आलं आणि इथलंच झालं. मिलमध्ये लाल तापलेलं लोखंड रोलांमधून धडधडत पुढे जायचं, डोक्यावर क्रेन, बाजूला करवत. तिथं माणसं तोंडानं बोलतच नसत, हातानं बोलत. मूठ वळली की थांब. तर्जनी गोल फिरवली की वर उचल. तळहात खाली करून हळूहळू दाबला की उतरव, सावकाश. पंजा कानाजवळ हलवला की ऐकू येत नाही, पुन्हा सांग. लहानपणी मला ही भाषा सगळी येत होती. जेवताना मी मूठ वळून आईला पोळी वाढणं थांबवायला सांगायची आणि आई म्हणायची, इथं तरी मिल नको.

कानात कापूस घालायला बाबा कधी तयार झाले नाहीत. "आवाजच बंद केला तं मिल कशी समजन?" असं त्यांचं म्हणणं. कुठला रोल बिघडलाय हे त्यांना नुसतं ऐकून कळायचं, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. मिलनं त्याची पुरेपूर वसुली केली. रिटायर झाले तेव्हा डावा कान गेलेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता.

कानाचं मशीन आणलं होतं. ते घालून बाबा एकदा चौकापर्यंत गेले, परत आले आणि काढून कपाटात ठेवून दिलं. "पूरा प्लांट डोक्यात घुसून राहिला," म्हणाले. मी समजावलं, रागावले, डॉक्टरांकडून सांगून पाहिलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं अशी म्हण आहे. बाबांनी त्यातला पहिला अर्धा भाग सोडून दिला होता, आणि तो कानांमुळे नव्हे. स्वभावच तसा.

आई गेल्यावर मी विजेवरची गाडी घेतली. बाबांना ती खेळणं वाटली. पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर तळहात टेकवून पाहिला. काहीच थरथरत नव्हतं. "चालू हाय का हे?" त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही चौकाच्या पुढे आलो होतो.

तो रविवार होता. अहिवारा गावाच्या बाजूला जरा चक्कर मारून येऊ म्हणून निघालो होतो. काचा बंद, रस्ता त्या दिवशी बराच रिकामा. मी माझ्याशीच पुटपुटले, "आईला आवडली असती गाडी."

"तिले तं समोरच बसाले लागलं असतं," बाबा म्हणाले. "मंग मी मागं."

माझा पाय ब्रेकवर गेला. मी ओरडले नव्हते. नेहमीच्या आवाजात, खरं तर त्याहूनही हळू बोलले होते. मग लक्षात आलं की ते माझ्या डावीकडे बसलेत, म्हणजे त्यांचा उरलेला उजवा कान माझ्या बाजूला आहे, आणि गाडीत इंजिन म्हणून काही वाजतच नाही. मला फार आनंद झाला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी आम्ही निघायचो. चुनखडीच्या ट्रकांमागून जायचं, टपरीवर चहा आणि भजी घ्यायची, परत यायचं. घरी दोन शब्दांच्या वर न बोलणारा माणूस गाडीत बोलायचा. आई नवी नवरी म्हणून भिलाईत आली तेव्हा तिनं प्लांटकडचं आकाश लाल झालेलं पाहिलं आणि आग लागली समजून पेटी बांधून दारात बसली, हे मला या गाडीत कळलं. शेवटच्या आजारपणात ती त्यांच्याकडून केस विंचरून घ्यायची आणि भांग वाकडा पाडला म्हणून रागवायची, हेही. ओरडून सांगण्यासारख्या गोष्टी फार थोड्या असतात. मेलेल्या बायकोबद्दल कुणी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत नाही. घरी आम्ही नुसते एकत्र राहत होतो, बापलेक गाडीत होतो.

म्हणून टायर गुळगुळीत झाले तेव्हा मी घाबरले. बॅटरीमुळे ही गाडी जड असते, उठते पण जोरात, त्यामुळे टायर लवकर झिजतात. पावसात एका वळणावर गाडी सरकली आणि बदलणं भाग पडलं. मी बरंच वाचून काढलं. मला न वाजणारे टायर हवे होते, आणि वारंवार बदलावे लागणार नाहीत असेही. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मैडम, दोनों पूरा-पूरा एक में नहीं मिलेगा." रबर मऊ असलं तर आवाज कमी, पण झीज जास्त. कडक असलं तर वर्षानुवर्षं चालेल, पण सिमेंटच्या रस्त्यावर घुमेल. गाडीबरोबर आले होते त्यांच्या आत फोमचा थर चिकटवलेला होता, म्हणून ते इतके शांत. तसेच, जरा जास्त टिकणारे, रायपूरहून मागवता आले असते. एक नमुन्याचा टायर त्याच्याकडे होता. मी तोच घ्यायचं ठरवून टाकलं.

तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. त्यांनी दोन्ही टायरांच्या नक्षीत अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. मिलच्या माणसाला वस्तू दाखवली की तो पहिल्यांदा तिचं लाइफ विचारतो. रोलचं लाइफ, भट्टीच्या विटांचं लाइफ. आई साडी दाखवायची तेव्हाही बाबा किती वर्षं जाईल हेच विचारायचे.

"याच्यात नख रुतते," ते म्हणाले. "हे नको. हे कडकवाले घे. मी गेल्यावरही चालन."

"बाबा, हे आवाज करतात!" हवा भरायच्या मशीनच्या आवाजाच्या वर मी ओरडले.

"करू दे."

मी काय सांगणार होते? बाबा, मला तुमच्याशी बोलायचं असतं, तुमचा आवाज मला आठवडाभर पुरतो, हे दुकानात उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर, ओरडून? मी मान हलवली. कडकवाले टायर बसले.

ते खरोखरच घुमत. सिमेंटच्या रस्त्यावर एकसारखी घूं, आणि ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर तर दात वाजायचे. पहिल्याच रविवारी मी काहीतरी विचारलं तर बाबांनी पंजा कानाजवळ हलवला आणि खाली चाकांकडे बोट दाखवलं. टायर. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं आणि हसले. मग पुढे म्हैस आडवी आली तशी मूठ वळून मला दाखवली, थांब. त्या दिवसापासून गाडीत हातांचीच भाषा सुरू झाली. आईचा विषय बंद झाला. बाबा मात्र खट्टू दिसत नव्हते, उलट मजेत होते, आणि त्याचा मला आणखीच राग यायचा. बोलणं गेलं याचं यांना काहीच वाटत नाही, असं मी मनात घेऊन बसले होते.

कसाबसा पावसाळा आणि थंडी काढली. मग एके दिवशी त्यांना न सांगता मी रायपूरहून ते शांत टायर मागवले आणि बसवून घेतले. उतरवलेले चारही घरी आणून जिन्याखाली ठेवले, वर जुनी चादर टाकली. रविवारी ते गाडीत बसले आणि आपोआप समजून येईल म्हणून मी काहीच बोलले नाही.

गाडी पूर्वीसारखी शांत झाली होती. वस्ती मागे पडेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "बाबा, सकाळी वरणात मीठ जास्त झालं होतं का?"

ते समोर बघत होते. मी जरा मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. त्या शांततेत माझा आवाज मलाच भांडल्यासारखा वाटला. माझे ओठ हललेले त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले असावेत, कारण ते वळले आणि म्हणाले, "हो हो. चांगलंच हाय."

त्यांनी हात लांब करून तळहात दारावर टेकवला आणि तसाच ठेवला. घूं हाताला लागेना.

"टायर बदलवले?"

मी मान हलवली.

"कावून? ते तं चांगले होते."

त्यांचा चेहरा उतरला होता. लपायची जागा कुणी काढून घेतल्यावर माणूस जसा उघडा पडतो तसे ते बसले होते, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. उजवा कानही गेला होता. दुकानात गेलो त्याच्या आधीच गेला होता की मधल्या महिन्यांत गेला, मला माहीत नाही. त्यांनी ते टायर मुद्दाम निवडले असंही मी म्हणत नाही, नख न रुतणाऱ्या टिकाऊ वस्तूंचं त्यांचं प्रेम खरंच होतं. पण टायर वाजायला लागले आणि त्यांना एक सबब मिळाली. मिलमध्ये कुणी एकटा बहिरा नसतो, तिथल्या आवाजात सगळेच बहिरे आणि सगळे हातानं बोलणारे. त्या वाजणाऱ्या गाडीत आम्ही दोघं सारखे होतो. आवाज मी काढून घेतला आणि ते एकटेच बहिरे राहिले.

त्यानंतर ते गाडीत बसेनात. एका रविवारी गुडघा दुखून राहिला होता, पुढच्या रविवारी ऊन होतं, मग कारणही सांगेनासे झाले. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, समोर गाडी, आणि बघायचे तिच्या पलीकडे. चौकात जाणं सुटलं. मी ओरडले तरी हो हो म्हणायचे आणि ताट तसंच सरकवून आडवे व्हायचे. मला भीती वाटायला लागली. हा माणूस असाच बसून बसून संपेल आणि मी शेजारी उभी राहून गोळी घेतली का म्हणून ओरडत असेन, हे मला दिसत होतं. शाळेतून येताना मी गाडी रस्त्याकडेला घेऊन रडायची. रडायला गाडी फारच छान होती, बाहेरचं आत येत नव्हतं आणि आतलं बाहेर जात नव्हतं.

शेवटी चादर काढली, जिन्याखालचे टायर गाडीत घातले आणि दुकानात गेले.

"मैडम, ये तो साइलेंट वाला है," दुकानदार म्हणाला. "इसको क्यों निकाल रहे?"

"आवाज चाहिए," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि जॅक लावला.

रविवारी मी ओट्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवल्याची खूण केली. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मी चाकाकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले, फाटकाला धरून वाकले आणि नक्षीत अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं नाही. ते आत गेले आणि चपला घालून आले.

सिमेंटचा रस्ता लागला तशी घूं सुरू झाली. बाबांनी तळहात दारावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग पाठ टेकून बसले. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर पुढे ट्रक थांबलेला दिसला तशी मूठ वळून मला दाखवली. मी थांबले. आईचं नाव त्या दिवशी निघालं नाही. आता ते निघणार नाही हे मला कळून चुकलं आहे.

"फार आवाज करतात बाई हे टायर," बाबा म्हणाले. "मले तं काहीच ऐकू नाही येत. तुले येते का?"

मला टायर ऐकू येत होते, मागच्या ट्रकचा हॉर्न, बाबांच्या श्वासातली बारीक शिट्टी, आणि त्यांचा शब्दन् शब्द. मी स्टिअरिंगवरचा एक हात उचलला, पंजा कानाजवळ हलवला, आणि मलाही येत नाही म्हणून सांगितलं.