आमेनची घाई

नाताळच्या दिवशी भेटवस्तू उघडण्याआधी आमच्याकडे अप्पा, म्हणजे माझे वडील, प्रार्थना करतात. धाकट्या नातीपासून सुरुवात करून घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतात. यंदा मुलं डोळे मिटून शहाण्यासारखी बसली होती. मीच एक डोळा किलकिला करून रिमोटच्या मोटारीचं खोकं न्याहाळत होतो. मोटार मुलासाठी आणलेली. चालवून बघायची घाई मात्र पन्नाशीच्या बापाला. अप्पा श्वास घ्यायला थांबले आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आमेन!"

झालं. घरभर रंगीत कागद फाटू लागले. त्या गलक्यात अप्पा तसेच बसून होते, डोळे मिटून.

"अहो, जरा धीर धरायचा," बायको कुजबुजली. "आता तुमचंच नाव येणार होतं."

सण देवाचा म्हणायचा, आणि त्याच्या वाट्याची चार मिनिटंही मला लांबलेली वाटावीत! मी मान खाली घालून अप्पांशेजारी जाऊन बसलो. ते अजून पुटपुटत होते, "लेकरू घाईत आहे, प्रभू. तू थांब त्याच्यासाठी."