पिस्टनमामाचा जेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि बाहेर चोरून खाल्लेली भजी ती माझ्या शर्टाच्या बाहीवरून ओळखते, तेव्हा विचार करा. हे मात्र तिला ओळखता आलं नाही. कारण मी ते लपवलंच नव्हतं. प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला सगळ्यांसमोर हसत हसत सांगत आलो. फक्त उलटं सांगत आलो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. लातुरात माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथंही गिऱ्हाईक सामानापेक्षा माझ्या तोंडासाठी जास्त बसतं. आणि माझ्या सगळ्या गोष्टींत चालणारी गोष्ट एकच — पिस्टनमामाची.

मामा म्हणजे बसवराज, माझा धाकटा मेव्हणा. चाकूरजवळ त्याचा ऊस. तर मामा शर्यतीत मोटारसायकलवर बसला, थ्रॉटल असा पिळला, असा पिळला की पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं आणि गाडीनं मामाला उसाच्या वाळल्या पाचटात फेकलं. इथं मी खुर्चीवरून पडून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात. बसवराजही हसतो. माझ्या मुलांना त्याचं खरं नाव शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आता सरळ सांगतो. सरळ सांगायची सवय नाही, सांभाळून घ्या.

पेट्रोल पंपावर इथेनॉलची पाटी लागायच्या कितीतरी आधी बसवराजच्या डोक्यात आलं होतं, की आपल्या उसापासून जे इंधन निघतं त्यावर आपली गाडी का पळू नये? आमच्याकडं ऊस निघाला की मोकळ्या रानात मातीच्या ट्रॅकवर शर्यती होत. त्यासाठी त्यानं एक जुनी कार्ब्युरेटरची गाडी उभी केली. इथेनॉल कुठून आणलं ते विचारू नका, ती कबुली माझी नाही. रबरी नळ्या फुगतात म्हणून त्यानं नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटरमधली सगळी रबरं बदलली, ठिणगी पडायचं टायमिंग पुढं घेतलं. गाडी फिरवून आणली की कार्ब्युरेटर पेट्रोलनं धुऊन ठेवायचा, आई दुधाचं भांडं विसळते तसा. लोक म्हणत, बसवराजची गाडी दारू पिती. त्याचे वडील तर त्या गाडीकडं बघतही नसत.

राहिला जेट. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला पितळी तुकडा, शेंगदाण्याएवढा. त्याच्या बारीक भोकातून इंधन इंजिनात जातं. इथेनॉल जास्त लागतं, म्हणून भोक मोठं हवं. जेट दाजी करून देतील, तो म्हणाला. दाजी म्हणजे मी. मी केलेला पहिला जेट त्यानं चालवून बघितला आणि काढून ठेवला. म्हणाला, हा इंजिनाला उपाशी मारील. उपाशी इंजिन तापतं आणि तापलं की पिस्टन वितळतो, हे दुकानदार असून मला त्यानं सांगितलं. दुसरा जेट मोठा केला. तो बरोबर बसला. पहिला माझ्या खिशात राहिला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी मोठा जेट उगाच खोलला. स्वच्छ होता, हात लावायची गरज नव्हती. पण लोहा गावाकडची चार पोरं गाडी बघायला जमली होती, आणि जेट उजेडाकडं धरून, डोळा मिटून, त्यात फुंकर मारायची माझी एक ढब आहे. ढब दाखवली. जेट बोटांतून निसटला आणि रानाच्या भेगेत गेला. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा कशा पडतात ते बघितलंय ना? हात जाईल एवढ्या. काडी घातली, तार घातली. नाही सापडला.

बसवराज तेव्हा वडिलांना आणायला गेला होता. हो — ते त्या दिवशी पहिल्यांदा गाडी बघायला येणार होते.

मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. तो काय म्हणाला असता? ‘असू द्या दाजी.’ एवढंच म्हणाला असता आणि शर्यत सोडली असती. मला ते माहीत होतं. तरी मी खिशातला पहिला जेट काढला आणि बसवला.

शर्यतीआधी त्यानं एक फेरी मारली आणि प्लग खोलून बघितला. पांढराफटक. इंजिन उपाशी असल्याची खूण.

"दाजी, प्लग पांढरा का हो?"

वडील शेजारी उभे होते. दोघांच्याही कपाळावर विभूतीचे पट्टे होते. आणि मला — मला विनोद सुचला.

"विभूती लावून आलाय," मी म्हणालो. "लई शुभ हाय."

सगळे हसले. वडीलही हसले. इथेनॉलवर प्लग तसाही पांढुरकाच दिसतो, असं मी वर जोडलं. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त वाईट. बसवराजनं प्लग पुन्हा आवळला.

तो पुढं होता. सगळ्यांच्या पुढं. मग इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि तो पाचटात नाही, बांधावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं. पाचट मी नंतर घातलं, गोष्ट हलकी व्हावी म्हणून.

दवाखान्यात त्यानं पहिलं विचारलं, जेटमध्ये कचरा अडकला होता का. मी म्हणालो, जेट स्वच्छ होता — तू थ्रॉटल लई पिळलास. त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला. पुढं भावकीतली माणसं फवारणीचं इंजिन इथेनॉलवर करून दे म्हणत आली, तर त्यानं हात लावला नाही. माझा हात जड हाय, म्हणाला. अजूनही तेच म्हणतो. आणि मी? आज लोक इथेनॉलनं गाडीची रबरं फुगली म्हणून दुकानात येतात, तेव्हा त्यानं शिकवलेलं सगळं मी माझं म्हणून सांगतो.

परवा पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. पोरांनी धरलं, पिस्टनमामाची गोष्ट सांगा. सांगितली, खुर्चीवरून पडलोही. बसवराज हसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे बोलला. पोरांना म्हणाला, "इंजिनाचा आवाज पातळ झालेला मला कळला होता रे. सोडायला पायजे होतं. पण म्हटलं, जेट दाजींनी बसवलाय. चुकणार न्हाई."

पोरं पुन्हा हसली. मी खाली जमिनीवरच होतो. उठायला हात द्यायला तोच आला — मोडलेल्या खांद्याच्या बाजूचा हात.

जेट पहिला होता. मला माहीत होतं. गाडी सुरू व्हायच्या आधीपासून माहीत होतं.

आणि त्याचं नाव बसवराज आहे.