आदी शंभर रुपये भरून बगा

तिळाच्या तेलाचा वास आला की शिंगणापुरातल्या तेलवाल्या मावशी आठवतात. एका शनिवारी त्यांच्या दुकानाच्या सावलीत मी एका एजंटाशी हुज्जत घालत होतो. माझ्या सहा टेम्पोंच्या ड्रायव्हरांना डिझेलसाठी प्रीपेड कार्डं द्यायची होती. त्याच्याकडे दोन तऱ्हेची कार्डं होती. त्यातल्या स्वस्तातल्या कार्डाचे दीडशे मागणाऱ्या त्या माणसाला आवाज चढवून मी पन्नासावर आणलं आणि खुशीत सहीला पेन काढलं. बाटल्या भरता भरता मावशी म्हणाल्या, "शेठ, आदी शंभर रुपये भरून बगा की." त्याच्याजवळच्या नमुन्याच्या कार्डात भरले, तर मोबाईलवर नव्वदच दिसले. कितीही भरले तरी दर वेळी दहा रुपये कापले जाणार होते, आणि ड्रायव्हरच्या हाती जास्त पैसे नकोत म्हणून मी तर रोज थोडेथोडेच भरणार होतो! मी एजंटावर खवळलो. "त्याच्यावर कशाला वरडता?" मावशी हसल्या. "तुमी कार्डाचा भाव केला, भरायचा इचारलाच न्हाई. तेल घेताना निस्त्या बाटलीचा भाव करता व्हय?" मग त्यांनी महागातलं कार्डही तसंच भरून बघायला लावलं. त्यात पुरे शंभर दिसले. तसली सहा कार्डं मी एजंटानं सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच. एजंटाला मी अजून माफ केलेलं नाही. पण गेल्या महिन्यात दुसऱ्या एकानं नवं कार्ड आणलं, तेव्हा त्याला गाडीत घालून मी सरळ मावशींच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं.