पाणबुडीतला ओला रंग

ऑइल पेंटचा वास आला की मला अजून ती पाणबुडी आठवते. कॅनडात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. तिथल्या एका संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीच्या पाणबुडीतली खलाशांची राहायची जागा हुबेहूब उभारली होती, आणि ती रंगवायचं काम आमच्या मालकांनी घेतलं होतं. त्यांना सगळे काका म्हणत. नववीतच शाळा सोडलेल्या मला त्यांनीच ब्रॅम्पटनला बोलावून घेतलं होतं. आत झोपायला भिंतीला टांगलेल्या अरुंद फळ्या, खिडकी एकही नाही. काका कॉफी आणायला गेले आणि मी घाईघाईत दारापासूनच जमीन रंगवत आत सरकत गेलो. पाठ भिंतीला लागली तेव्हा उमगलं, दार तिकडे राहिलं आणि मधे सगळा ओला रंग. फळीवर चढून बसलो तर डोकं वरच्या फळीला टेकलं. श्वास पुरेना. वाटलं, आता आपली गावी रवानगी. तेवढ्यात काका दारात आले. "अरे येड्या, एक्झिट कुठून करणार होतास?" मी म्हटलं, "काका, परत नका ना पाठवू." माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं, आणि नव्या बुटांनिशी तो रंग तुडवत ते सरळ आत आले. "चल, धर हात. जमीन काय, उद्या पुन्हा रंगवू." आज माझ्याकडे नवी पोरं कामाला येतात. त्यांच्यावर आवाज चढायला लागला की मला त्या ओल्या रंगात उमटलेली काकांची पावलं दिसतात.