दुपारी बाहेरून कडी

मंडळी, घरी येऊन तीन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहिते.

माझा थोरला भाऊ विजूदादा बावन्न वर्षांचा. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. आई गेल्यापासून तारनाक्याजवळ अशा मोठ्या माणसांसाठीच्या एका निवासात राहतो.

आज तिथे सरकारी तपासणी होती. नातेवाईक म्हणून मलाही बोलावलं होतं. स्वयंपाकघर, औषधांचं कपाट, आग विझवायचं सिलिंडर, सगळ्यावर टिक झाली. उत्तरं मॅनेजरच देत होते. दादा समोर बसलेला, पण त्याला कुणी विचारेना.

मी म्हटलं, “इथे राहतो तो. त्याला विचारा की!”

तपासणीसबाईंनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “खाना अच्छा है ना?”

दादा म्हणाला, “जेवण चांगलं आहे. दुपारी कडी लावतात. बाहेरून.”

मॅनेजर हसले. “दोपहर को सोते ना सब, मॅडम. सेफ्टी के वास्ते लगाते.”

माझा तोलच गेला. “आणि आग लागली तर? आतली माणसं बाहेर कशी येणार?”

कडी तिथल्या तिथे काढायला लावली. शेवटचा स्क्रू निघेपर्यंत दारात उभी राहिले. रिपोर्टमध्येही लिहून घेतलं.

पण सगळ्यात जास्त राग मला स्वतःचा येतोय. तीन वर्षं दर रविवारी सकाळी जाते, “बरा आहेस ना?” विचारते, त्याने मान हलवली की निघते.

तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल, तर त्याला बाजूला घेऊन, दिवसभर तिथे काय काय होतं, हे कधी विचारलंय का?