पान अकरा, ओळ सहा

आमच्या हिचं खरं नाव आता मला सोडून फारसं कुणाच्या लक्षात नसेल. एकतीस वर्षं एकाच माध्यमिक शाळेत तिने इतिहास शिकवला आणि त्या एकतीस वर्षांत शिकून गेलेल्या सगळ्यांच्या तोंडी ती 'कशावरून बाई' झाली. बाजारात गेलो की एखादा मिशीवाला भाजीवाला हातातला तराजू खाली ठेवून म्हणतो, "काय कशावरून बाई, बऱ्या आहात ना?" आणि लगेच जीभ चावतो. टोपणनाव पाठीमागे म्हणायचं असतं, हे त्याला उशिरा आठवतं. ती हसते. मी हसत नाही. मी तापट माणूस आहे, छापखाना चालवतो, आणि माझ्या बायकोला कुणी नावं ठेवावीत हे मला पहिली दहा वर्षं तरी सहन झालं नाही.

नाव पडलं ते तिच्या शिकवण्यावरून. वर्गात कुणी काही विधान केलं की तिचा एकच प्रश्न. राजा शूर होता. कशावरून? लोक सुखी होते. कशावरून? आठवीच्या पहिल्याच तासाला ती पोरांना वहीत समास आखायला लावायची आणि सांगायची, प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहायचं. स्वतः पुरावा पाहिला असेल तर 'मा', म्हणजे माहीत आहे. कुणाकडून कानावर आलं असेल तर 'ऐ', ऐकलं आहे. नुसतं वाटत असेल तर 'अं', अंदाज. पहिल्या महिन्यात सगळ्या वह्या 'मा'ने भरलेल्या असायच्या. दिवाणखान्यात बसून ती लाल पेनाने एकेक 'मा' खोडत जायची आणि वर्ष संपता संपता पोरं आपण होऊन 'अं' लिहायला लागायची. तिच्या लेखी तेच पास होणं.

पालकांच्या तक्रारी यायच्या. पोर्शन मागे राहतो, पोरगा घरात उलट बोलतो. एका गृहस्थांनी तर शाळेत येऊन सांगितलं, "बाई, आमच्या आईने सुनेबद्दल काही म्हटलं की हा कारटा मध्येच विचारतो, कशावरून? घरात भांडणं लागलीत." ही शांतपणे म्हणाली, "मग भांडणं पुराव्यानिशी होत असतील. लवकर मिटतील." शेजारच्या वहिनी दुपारी गप्पा मारायला यायच्या त्या याच कारणाने यायच्या बंद झाल्या. पुराव्याशिवाय गप्पा कसल्या मारणार? मीसुद्धा सुटलो नाही. एकदा जेवताना म्हणालो, भाजीत मीठ कमी पडलंय. ती सवयीने म्हणाली, "कशावरून?" मी म्हटलं, "जिभेवरून!" त्यावर दोघंही इतके हसलो की भाजी गार झाली.

या सगळ्या कडक बाईच्या मनात एक हळवी जागा होती. शाळेच्या पुराची गोष्ट.

ही स्वतः त्याच शाळेत शिकली. नववीत असताना तिच्या शिक्षकांनी गोष्ट सांगितली होती. खूप वर्षांपूर्वी गावात पूर आला, शाळा बुडाली, आणि पहिले मुख्याध्यापक शाळेची सगळी रजिस्टरं गाठोड्यात बांधून कौलांवर चढले. तीन दिवस तिथेच बसून राहिले. पोरांच्या नावांना पाणी लागू दिलं नाही. ही गोष्ट ऐकली त्या दिवशी तिने ठरवलं, आपण इतिहास शिकवायचा. पुढे शिक्षिका झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते जुनी नोंदवही शोधून काढण्याचं, आणि त्यात खरोखरच नोंद होती: 'पूर. मु. शाळेचे छप्पर, तीन दिवस. रजिस्टरे कोरडी.' तेव्हापासून एकतीस वर्षं दर जूनमध्ये ही गोष्ट ती सांगत आली. गोष्ट संपली की पोरं ओरडायची, "कशावरून?" आणि ती नोंदवहीचं ते पान उघडून दाखवायची. मी एकदा दाराबाहेर उभा राहून ऐकलं आहे. अंगावर काटा आला होता.

तिच्या निवृत्तीच्या वर्षी शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. दोन्हीचा मिळून एकच समारंभ ठरला. शाळेचा इतिहास तिने लिहिला, त्यात पुराची गोष्ट होतीच, आणि पुस्तिका मी छापली. सहाशे प्रती. आता माझ्याबद्दल एक सांगतो, फुशारकी वाटली तर वाटू दे. माझ्या छापखान्यातून आजवर शुद्धिपत्र लावलेलं पुस्तक बाहेर पडलेलं नाही. लग्नपत्रिकांपासून शब्दकोशापर्यंत सगळं छापलं, पण 'अमुकऐवजी तमुक वाचावे' अशी चिठ्ठी चिकटवायची वेळ मी येऊ दिली नाही. या पुस्तिकेची प्रुफं तर मी चार वेळा डोळ्यांत तेल घालून वाचली होती.

समारंभाला पाच दिवस उरले असताना नववी 'ब'मधली एक मुलगी घरी आली. वडील शिंपी, मुलगी अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक. हातात जुनी नोंदवही. प्रदर्शनाचं काम हिने तिच्याकडे सोपवलं होतं.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"'मु.' म्हणजे मुख्याध्यापक, कशावरून?"

ही म्हणाली, "दुसरं काय असणार?"

मुलीने वही उघडली. बोटाने एकेक ओळ दाखवत गेली. या वहीत मुख्याध्यापकांना सगळीकडे 'मु.अ.' लिहिलं होतं. एकाही जागी नुसतं 'मु.' नव्हतं. नुसतं 'मु.' होतं ते सहलीच्या नोंदीत: 'सहल. मु. धर्मशाळा, एक रात्र.' मुलगी म्हणाली, "आमच्या दुकानात पार्सलं येतात, त्यांवर 'मु. पो.' असतं. मुक्काम, पोस्ट. म्हणून वाटलं, हासुद्धा मुक्कामच असेल. पण तो अंदाज झाला. मग मी मागचं पान बघितलं."

मागच्या पानावर, पुराच्या दोन दिवस आधीच्या तारखेला, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मु.अ. रजेवर. डोळ्यांचे ऑपरेशन.' पुढे वीस दिवस त्यांची सही नव्हती.

म्हणजे तीन दिवस छपरावर कुणीतरी मुक्काम केला होता. कुणी, ते लिहिलेलं नव्हतं. ज्याने रजिस्टरं वाचवली त्याने स्वतःचं नावच घातलं नव्हतं.

मी हिच्या तोंडाकडे बघत होतो. पांढरंफटक पडलं होतं. तिने ते पान तीनदा वाचलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझं बरोबर आहे. माझं चुकलं." मुलगीच रडायला लागली. तिला पाणी देऊन, समजूत घालून घरी पाठवलं.

ती गेल्यावर ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "एक पान, अहो. एक पान मागे उलटलं नाही मी. दुसऱ्याची नोंद असती तर दहा पानं उलटली असती. पण मला ती गोष्ट आवडली होती ना."

इतक्या वर्षांत मी तिला हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "अगं, सोप्पं आहे. मुद्रणदोष म्हणू. सगळं जग स्वतःच्या चुका छापखान्यावर ढकलतं, तू एकदा ढकललीस तर काय बिघडलं? शुद्धिपत्र लावतो, माझ्या नावाने." आजवर एकही शुद्धिपत्र न लावलेल्या माणसाला हे बोलणं किती जड गेलं ते माझं मला माहीत.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. "तुम्ही म्हणालात यातच सगळं आलं. पण तो खोटा पुरावा होईल. चूक माझी आहे, माझ्याच नावावर राहू दे."

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या आताच्या मुख्याध्यापकांकडे गेली, मीही सोबत गेलो. मुख्याध्यापक तिचेच विद्यार्थी. समोरच्या खुर्चीत टेकायचे तेसुद्धा तिने बस म्हटल्यावर. पण ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुमचा निरोप समारंभ आहे. गावातली मोठी माणसं येणार. त्या दिवशी कशाला? लोक म्हणतील, इतकी वर्षं बाईंनी चुकीचं शिकवलं. तुमचंच हसं होईल. शुद्धिपत्र लावायचं नाही, कमिटीने पुस्तिका मंजूर केली आहे. सहा महिन्यांनी बघू."

मी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि ते काही गोड उघडलं नव्हतं. हिने माझ्या बाहीला धरलं. "ठीक आहे. शुद्धिपत्र नको," एवढंच म्हणाली आणि निघाली. मला वाटलं, हिने माघार घेतली. चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिच्यावर चिडलो होतो की तिच्यासाठी, ते मलाही कळत नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. डॉक्टर, ड्रायव्हर, वकील, बेकरीवाला, पोलीस खात्यातला एक आडदांड साहेब, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका. भाषणं झाली, कौतुक झालं. मग ही बोलायला उभी राहिली. मी पहिल्या रांगेत होतो.

"पुस्तिका काढा," ती म्हणाली. "पान अकरा. ओळ सहा. पेन्सिल नको, पेन घ्या."

कुणाला काही कळेना, पण हात मात्र खिशांत गेले. सवय जात नाही.

"मी तुम्हाला एकतीस वर्षं एक गोष्ट चुकीची सांगितली. पुरात पहिले मुख्याध्यापक छपरावर नव्हते."

व्यासपीठावर मुख्याध्यापक खाली बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी खुसखुसणार, आणि जो खुसखुसेल त्याच्या अंगावर मी धावून जाणार. तेवढ्यात मागून एक जाड, घोगरा आवाज आला. पोलीस साहेबांचा.

"बाई, कशावरून?"

सगळं सभागृह हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. त्यात बरीचशी माणसं डोळे पुसत होती. हीसुद्धा हसली. मग तिने नववी 'ब'च्या मुलीला वर बोलावलं, माइक तिच्या उंचीएवढा खाली केला आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मुलीने 'मु.' आणि 'मु.अ.' सांगितलं, सहल सांगितली, रजेची नोंद वाचली. शेवटी म्हणाली, "छपरावर कोण होतं ते मला माहीत नाही. अक्षर कुणाचं ते शोधते आहे." आवाज कापत होता, पण एकही शब्द अडला नाही. हिने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तिने आमच्या स्वतःच्या मुलाकडे त्याचा पहिला नंबर आला तेव्हाही बघितलं नव्हतं.

"आता खोडा," ही म्हणाली. "'पहिले मुख्याध्यापक' हे शब्द खोडा. वर लिहा, 'कुणीतरी. नाव अजून माहीत नाही.' समासात लिहा, 'चूक बाईंची.' आणि त्याखाली, 'नववी ब ने दाखवली.'"

सहाशे डोकी खाली झुकली. पांढरे केस, टक्कल, वेण्या. कुणी पाठीवर पुस्तिका ठेवून लिहीत होतं, कुणी शेजाऱ्याचं बघून. चार वेळा प्रुफं वाचून मी निर्दोष केलेल्या पानावर माझ्या डोळ्यांदेखत काट मारली जात होती आणि माझी छाती अशी भरून आली होती की कोटाची बटणं तुटतील असं वाटलं. ही माझी बायको, असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं. तो लिहीत होता, त्याने ऐकलं नाही.

मुख्याध्यापक व्यासपीठावरून उतरून माझ्याजवळ आले. हातात पुस्तिका होती, पान अकरा उघडलेलं. खिसे चाचपत हळूच म्हणाले, "काका, पेन आहे का?"