ड्रायव्हरकाकांची पुडी-तपासणी

पेणपासून रोह्यापर्यंत कुणाच्याही घरात, समोरच्या पांढऱ्या पुडीत काय आहे हे विचारल्याशिवाय आमच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका पुढे पाऊल टाकत नाहीत. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती ठरवायला गेले, तर आधी पावडरीच्या गोणीजवळचा पंखा बंद करायला लावला. माझ्या आईने वाटीत खायचा सोडा काढला होता, तो पाहून यांनी मास्क वर ओढला. "अहो, भज्यांत घालायचाय!" आई म्हणाली. "असंल वयनी, पन डब्यावर नाव लिवा," म्हणत त्यांनी नंतर अकरा भजी खाल्ली.

याला कारण मीच. मी त्याच गाडीवर डॉक्टर. अफूच्या कुळातली औषधं नशेसाठी पांढऱ्या पुडीतही विकली जातात आणि जास्त झाली तर माणसाचा श्वास मंदावतो, असं मी एकदा सहज सांगितलं आणि आठवडाभर प्रश्न झेलत बसले. "नुसता हात लागला तर आपन पन आडवं व्हायचं काय, बाई?" नुसत्या स्पर्शाने सहसा काही होत नाही, पण पूड उडून नाकातोंडात जाऊ नये, म्हणून हातमोजे, मास्क आणि नंतर साबण-पाणी. "सॅनिटायझर नको?" नको. का नको, तर त्यातल्या स्पिरिटने पूड कातडीत मुरायला मदत होऊ शकते, हेही त्यांनी तीनदा विचारून घेतलं.

मग एका दुपारी रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावातल्या भाड्याच्या खोलीतून फोन आला. कंपनीत शिफ्टला जाणारा एक तरुण निळा पडून निपचित होता. आमच्या आधी पोहोचलेले हवालदार टेबलावरच्या उघड्या पुडीवर वास घ्यायला वाकले होते आणि डोक्यावर पंखा गरगरत होता.

"साहेब, नाक मागं घ्या!" काका ओरडले आणि आधी पंखा बंद केला.

हवालदार भिंतीला चिकटले. "मला काय झालं तर?"

"तुमी बोलताय ना? मंग श्वास हाय. भायेर मोकळ्या हवेत उभं ऱ्हावा. ह्याचा श्वास नाय, त्याला बघू दे."

मला वाटलं होतं, एवढा जपणारा माणूस दारातच थांबेल. पण मोजे-मास्क चढवून काका थेट त्या पोराच्या उशाशी बसले. मी उताऱ्याचं इंजेक्शन देईपर्यंत आणि दिल्यावरही, मी सांगेन त्या लयीत ते त्याच्या तोंडावर धरलेल्या मास्कचा फुगा दाबून त्याला श्वास देत राहिले. "घे रं बाबा, घे," एवढंच पुटपुटत होते. किती वेळाने कोण जाणे, त्याची छाती आपली आपण हलली.

त्याला रोह्याच्या दवाखान्यात सोपवल्यावर काकांनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. नंतर गाडीच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी ठाणे शहरात मुलाला फोन लावला. तो तिथे नोकरीला आहे, खोली घेऊन एकटाच राहतो.

"जेवलास काय रं? ... काय नाय, असाच केला. ... नाय, काम काय नाय. तू बोल की जरा."

पलीकडून पोरगा काहीबाही सांगत राहिला. काका मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांना निघूया म्हणायचं माझ्या जिवावर आलं.